हातात कॅमेरा धरून फोटो काढताना स्टॅबिलायझेशन हवंच का? आधी आपल्या हाताचा आकडा काढा

नवी लेन्स किंवा नवा कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस हा प्रश्न विचारतोच: स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, असलेलं घेऊ, की नसलेलं चालेल? एकच फोकल लेंथ (लेन्सचा पल्ला, मिमीमधला), एकच अपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र), पण एका लेन्सवर आयएस किंवा व्हीआर अशी दोन-तीन अक्षरं जास्त असतात आणि तिची किंमतही जास्त असते. उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. तुम्ही कशाचे फोटो काढता, आणि तुमचा हात किती स्थिर आहे. पहिली गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते. दुसरी बहुतेकांनी कधी मोजलेलीच नसते. ती मोजायला फार तर एक दुपार लागते, आणि ती दुपार घालवल्याशिवाय या विषयावर कुणाचंही मत, अगदी माझंसुद्धा, तुमच्या कामाचं नाही.

पायरी १: फोटो बिघडला तो नेमका कशामुळे, ते ओळखा

तुमचे बिघडलेले वीस-पंचवीस फोटो शोधा. पुसून टाकले असतील तर यापुढे महिनाभर एकही पुसू नका. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते शंभर टक्के आकारात उघडा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग हात हलल्याचा. इथे सगळी चौकट सारखीच हललेली दिसते. दिव्याचा ठिपका, डोळ्यातली चमक, पानावरचा थेंब असा एखादा छोटा उजळ बिंदू शोधा. तो बिंदू न राहता बारीक रेघ झाला असेल, आणि चौकटीतल्या इतर बिंदूंच्याही तशाच, त्याच दिशेच्या रेघा झाल्या असतील, तर तो हाताचा दोष. कधी कधी मधला भाग बरा असतो आणि कोपऱ्यांतल्या रेघा गोल वळलेल्या असतात. म्हणजे शटर दाबताना कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती फिरला. बटण उजवीकडे असतं आणि आपण ते जोरात दाबतो, म्हणून हे नवख्यांच्या हातून वारंवार घडतं.

दुसरा ढीग समोरचं हलल्याचा. भिंत, खुर्ची, झाड स्वच्छ आलंय आणि माणूस तेवढा फराटलेला आहे. चेहरा ठीक, पण हात पुसट, हेही त्यातच आलं.

तिसरा ढीग फोकस चुकल्याचा. इथे चौकटीत कुठेतरी काहीतरी कडक स्पष्ट असतं, फक्त ते तुम्हाला हवं होतं ते नसतं. नाकाऐवजी कान, फुलाऐवजी मागचं पान.

आता ढीग मोजा. पहिला मोठा असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. दुसरा मोठा असेल तर स्टॅबिलायझेशनसाठी जास्तीचे पैसे मोजून तुमचा एकही फोटो सुधारणार नाही. कितीतरी जण नेमकी हीच खरेदी करून बसतात: घरात धावणाऱ्या मुलाचे फोटो हलतात म्हणून स्टॅबिलायझेशनची लेन्स आणतात आणि फोटो तसेच हलत राहतात. मी स्वतः पहिले कित्येक महिने फोकस चुकलेले फोटोसुद्धा ‘हात हलला’ म्हणूनच बाजूला टाकत होतो.

पायरी २: आत काय चालतं, ते थोडक्यात समजून घ्या

स्टॅबिलायझेशनच्या यंत्रणेत जायरो सेन्सर असतात. कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेगाने वळतोय, हे ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा मोजतात. छोटा प्रोसेसर त्यावरून हिशेब करतो आणि एखादी वस्तू उलट दिशेला सरकवतो. ती वस्तू लेन्समधला एक काचगट असेल तर ते लेन्समधलं स्टॅबिलायझेशन. प्रतिमा टिपणारा कॅमेऱ्याचा सेन्सरच सरकत असेल तर ते बॉडीतलं, म्हणजे कॅमेऱ्यातलं. तुम्ही खाली गेलात की प्रतिमा वर ढकलायची, एवढंच त्याचं काम.

नावांनी गोंधळू नका. कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनीच्या लेन्सवर ओएसएस लिहिलेलं असतं, तर फूजीफिल्म आणि पॅनासॉनिकच्या लेन्सवर ओआयएस. बॉडीतल्या यंत्रणेला सरसकट आयबिस म्हणतात. काम सगळ्यांचं एकच.

बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा १९९५ मध्ये आली, कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये. तिचा फायदा साधारण दोन स्टॉपचा होता, म्हणजे शटर चौपट वेळ उघडं ठेवता येई. सेन्सर हलवण्याची कल्पना मिनोल्टाने २००३ च्या डिमाज ए१ मध्ये आणली. २०१२ मध्ये ऑलिंपसच्या ई-एम५ ने पाच अक्षांवर ती चालवून दाखवली आणि २०१४ मध्ये सोनीच्या ए७ मार्क २ मधून ही पाच अक्षांची यंत्रणा फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरवर, पोहोचली.

हे पाच अक्ष म्हणजे काय, ते कळणं उपयोगाचं आहे. कॅमेऱ्याचं नाक वर-खाली होणं हा पहिला, डावीकडे-उजवीकडे वळणं हा दुसरा. लेन्सच्या अक्षाभोवती पिळ बसणं हा तिसरा. अख्खा कॅमेराच न वळता वर-खाली किंवा आडवा सरकणं हे चौथा-पाचवा. लेन्समधली यंत्रणा पहिले दोन फार छान सांभाळते, विशेषतः लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये. पिळ मात्र लेन्सला सावरता येत नाही, कारण गोल काच गोल फिरवून प्रतिमा फिरत नाही. ते काम सेन्सरच करू शकतो. अलीकडे लेन्स आणि बॉडी दोन्ही एकमेकांशी बोलून कामं वाटून घेतात, आणि सगळ्यात चांगले निकाल तिथेच मिळतात.

आता लांब लेन्सला याची गरज जास्त का? एक छोटा हिशेब करू. समजा फोटो निघत असताना कॅमेरा एका अंशाच्या फक्त विसाव्या भागाएवढा वळला. ५० मिमीच्या लेन्सवर प्रतिमा सेन्सरवर साधारण ०.०४४ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिमीचा असतो, म्हणजे सातेक पिक्सेलांची रेघ झाली. तेवढंच वळण ३०० मिमीवर घेतलं तर प्रतिमा ०.२६ मिमी सरकते, म्हणजे चाळीसहून जास्त पिक्सेल. हात तोच आणि थरथरही तीच, पण नुकसान सहापट.

पायरी ३: जुना नियम पाठ करा, पण त्याच्यावर विसंबू नका

फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा: हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते) फोकल लेंथच्या आकड्याएवढा तरी हवा. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. सेन्सर लहान असेल तर त्या प्रमाणात गुणा. एपीएस-सी सेन्सरला दीडपट, कॅननच्या एपीएस-सीला १.६, मायक्रो फोर थर्ड्सला दुप्पट. म्हणजे एपीएस-सीवर २०० मिमीला १/३००.

हा नियम पोस्टकार्डापासून फार तर हातभर आकाराच्या छापील फोटोंसाठी होता. आज आपण ४५ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा करून बघतो आणि त्यात पापण्यांचे केस शोधतो. एवढी अपेक्षा असेल तर शटर स्पीड नियमाच्या दुप्पट धरा. उलट फोटो फोनच्या पडद्यावरच बघितला जाणार असेल, तर नियमापेक्षा बराच संथ स्पीडही खपून जातो.

स्टॅबिलायझेशनचा फायदा ‘स्टॉप’मध्ये सांगतात. एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट. २०० मिमीला १/२०० लागत असेल, तर एका स्टॉपने १/१००, दोनने १/५०, तीनने १/२५, चारने १/१३. हे उतरतं गणित बोटांवर यायला हवं, पुढच्या पायरीत लगेच लागणार आहे.

पायरी ४: आपल्या हाताचा आकडा काढा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी ही.

बारीक अक्षरांचा छापील कागद घ्या. वर्तमानपत्राचं पान उत्तम. ते खिडकीजवळच्या भिंतीवर सपाट चिकटवा आणि समोर अशा अंतरावर उभे राहा की पान बहुतेक चौकट भरून टाकेल. कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा, अपर्चर एफ/५.६ वर पक्कं करा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. शटर प्रायॉरिटी मोड इथे नको. त्यात प्रत्येक स्पीडला अपर्चर बदलतं, अपर्चरसोबत लेन्सची स्पष्टता बदलते, आणि दोष हाताचा की काचेचा हे कळेनासं होतं. फोकस एकदा नीट करा आणि मॅन्युअलवर टाकून कुलूप लावल्यासारखा तसाच राहू द्या. पाय जमिनीवरच्या एका खुणेवर ठेवा, म्हणजे अंतर बदलणार नाही.

आधी स्टॅबिलायझेशन बंद करा. २०० मिमीची लेन्स असेल तर १/४०० पासून सुरुवात करा: १/४००, १/२००, १/१००, १/५०, १/२५, १/१३. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५० मिमीवर ठेवली असेल तर १/१०० पासून १/३ पर्यंत उतरत जा. प्रत्येक स्पीडला दहा फोटो. दोन फोटोंच्या मधे कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्या आणि पुन्हा उचला. हे कंटाळवाणं वाटतं, पण गाळू नका. एकदाच स्थिर होऊन दहा वेळा बटण दाबलंत तर दहा फोटोंची नाही, एकाच पवित्र्याची परीक्षा होते. बर्स्टही, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेले फोटो, नको.

मग स्टॅबिलायझेशन चालू करून तेच सगळं पुन्हा. आणखी दोन पायऱ्या खाली उतरा.

फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघा. वेगवान शटरच्या फोटोंत आयएसओ वाढल्यामुळे दाणे दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. अक्षरांच्या उभ्या आणि आडव्या कडा बघा. दहापैकी किती फोटोंत त्या स्वच्छ आहेत ते लिहा. दहापैकी आठ किंवा जास्त चांगले असतील तो तुमचा भरवशाचा स्पीड. पाच चांगले असतील तर तो ‘तीन-चार फोटो काढून ठेवावेत’ असा स्पीड. दोन असतील तर तो नशिबाचा स्पीड.

बंद असतानाचा भरवशाचा स्पीड आणि चालू असतानाचा भरवशाचा स्पीड यांच्यात जितके स्टॉप अंतर, तितका फायदा तुमच्या हातात, तुमच्या लेन्सवर. खोक्यावर पाच लिहिलं असेल आणि तुम्हाला तीन मिळाले तर निराश होऊ नका. कंपन्यांचे आकडे सिपा या जपानी उद्योगसंघटनेच्या पद्धतीने काढतात. त्यात कॅमेरा ठरावीक थरथर करणाऱ्या यंत्रावर बसवलेला असतो, आणि बरीच वर्षं त्यात फक्त वर-खाली आणि डावं-उजवं अशी दोनच वळणं मोजली जात होती. माणूस श्वास घेतो, त्याचं हृदय धडधडतं, तो दमलेला असतो, त्याने नुकतीच चढण चढलेली असते. शिवाय त्या आकड्याआधी ‘पर्यंत’ हा शब्द असतो, तो वाचायला विसरू नका.

हा आकडा कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. तुमच्याकडे तीन लेन्स असतील तर तीन आकडे. आणि कॅमेऱ्यात ऑटो आयएसओसोबत किमान शटर स्पीड ठरवायची सोय असते, तिथे हाच आकडा भरा. मग कॅमेरा तुमच्या हाताला झेपेल त्याच्या खाली स्वतःहून उतरणार नाही.

पायरी ५: धरायची पद्धत सुधारा, मग पुन्हा मोजा

चांगल्या पकडीने एक स्टॉप सहज मिळतो, कधी दीडही. हा फायदा फुकट आहे आणि प्रत्येक कॅमेऱ्यासोबत चालतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

डावा तळहात वर करून लेन्सखाली ठेवा, वाटी धरल्यासारखा. वजन त्या हातावर. उजव्या हाताने फक्त पकड आणि बटण. नवखी माणसं लेन्स दोन बाजूंनी चिमटीत धरतात, त्याने कोपरं बाहेर जातात आणि पंखांसारखी हलत राहतात. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा. व्ह्यूफाइंडर असेल तर डोळ्याला लावाच. कपाळ, डावा हात आणि उजवा हात असे तीन टेकू मिळतात. हात पुढे ताणून मागच्या पडद्यावर बघत काढलेला फोटो हलण्याची शक्यता खूप वाढते. पडद्यावर बघायचंच असेल तर गळ्यातला पट्टा पुढे ताठ होईपर्यंत कॅमेरा ढकला. तो ताण टेकूचं काम करतो.

पाय खांद्याएवढे फाकवून, एक किंचित पुढे. भिंत, खांब, झाड, दाराची चौकट दिसली की टेका. बसता येत असेल तर बसा आणि कोपर गुडघ्याच्या जरा पुढे टेकवा, नेमकं वाटीवर नको, हाडावर हाड घसरतं.

श्वास पूर्ण भरून रोखू नका, त्याने छाती ताणली जाते आणि थरथर वाढते. निम्मा सोडा, आणि पुढचा घ्यायच्या आधीच्या शांत क्षणात बटण दाबा. ‘दाबा’ हा शब्दही खरं तर चुकीचा आहे. बोटाचं पेर बटणावर लोळवा. फोटो निघाल्यावर बोट लगेच उचलू नका, क्षणभर तसंच धरून ठेवा.

संथ शटरला तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. पहिल्या फोटोत बटण दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा. मधला बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ निघतो. किंवा दोन सेकंदांचा टायमर लावा, मग बोटाचा संबंधच उरत नाही.

हे आठवडाभर करा आणि चौथ्या पायरीतली चाचणी पुन्हा घ्या. जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. काहींचा खरेदीचा विचार इथेच बदलतो.

पायरी ६: यंत्रणेला तिचं काम करू द्या

बटण अर्धं दाबून निदान अर्धा सेकंद थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगत तरंगत स्थिर होताना दिसतं. ते स्थिर झालं की उरलेलं दाबा. घाईने एकदम दाबलेल्या फोटोत यंत्रणा अजून सावरतच असते.

लेन्सवर मोड बदलायचं बटण असेल तर ते समजून घ्या. कॅननवर मोड १ नेहमीसाठी, मोड २ पॅनिंगसाठी. पॅनिंग म्हणजे सायकलस्वाराच्या वेगाने कॅमेरा फिरवत फोटो काढायचा, स्वार स्पष्ट आणि मागचं सगळं पळतं. तिथे यंत्रणेने आडवी हालचाल सावरायला घेतली तर ती तुमच्याशीच भांडेल, म्हणून मोड २ मध्ये ती फक्त उभी थरथर सांभाळते. निकॉनच्या काही लेन्सवर ‘ॲक्टिव्ह’ हा मोड असतो, तो चालत्या गाडीतून किंवा होडीतून काढताना. पॅनिंग आपोआप ओळखणाऱ्या लेन्सही आता बऱ्याच आहेत.

ट्रायपॉडवर काय? जुन्या लेन्समध्ये बंद करा. कॅमेरा पूर्ण स्थिर असताना ती यंत्रणा नसलेली थरथर शोधत स्वतःच हलत राहते आणि फोटो बिघडवते. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, तरी दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवणार असाल तर बंद करण्यात नुकसान काहीच नाही. फक्त ट्रायपॉडवरून काढल्यावर परत चालू करायला विसरू नका. हे विसरणं फार सोपं आहे, आणि ते दिवसाच्या शेवटीच कळतं.

बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल आणि तुम्ही जुनी, संपर्कबिंदू नसलेली मॅन्युअल लेन्स लावलीत, तर मेनूत जाऊन फोकल लेंथ हाताने भरा. वर बघितलं तसं, किती सरकायचं हे फोकल लेंथवर ठरतं. १३५ मिमीची लेन्स लावून मेनूत ५० राहिलं तर यंत्रणा निम्मंसुद्धा काम करणार नाही. उलटं झालं तर ती गरजेपेक्षा जास्त सरकून फोटो आणखी हलवेल.

आणि हो, बॉडीत स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा बंद असताना हलवला तर काहींमधून खुळखुळ ऐकू येते. घाबरू नका. सेन्सर चुंबकांवर तरंगता असतो आणि बंद असताना तो सैल असतो.

पायरी ७: समोरचं हलत असेल तर गणित बदला

स्टॅबिलायझेशन तुमचा हात थोपवतं. समोरचा माणूस थोपवायचा तर शटर स्पीडच वाढवावा लागतो. साधारण अंदाज असे धरा: शांत बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या मुलाला किंवा नाचणाऱ्याला १/५००, उडत्या पक्ष्याला १/१००० ते १/२००० आणि छोट्या पक्ष्याला त्याहून जास्त.

आता या आकड्यांशेजारी तुमचा हाताचा आकडा ठेवा. ५० मिमीवर तुमचा भरवशाचा स्पीड १/६० आहे आणि तुम्ही नाचणाऱ्यांचे फोटो काढता. लागणार १/५००, हाताची गरज १/६०. हात इथे आडवा येतच नाही. स्टॅबिलायझेशन चालू असो वा बंद, फरक शून्य. इथे पैसे टाकायचे तर मोठ्या अपर्चरच्या लेन्सवर टाका. एफ/४ ची स्टॅबिलायझेशनवाली लेन्स आणि एफ/२.८ ची साधी लेन्स यांत निवड असेल, तर स्थिर वस्तूंना पहिली जिंकते, दोन-तीन स्टॉपने. हलणाऱ्या माणसांना दुसरी जिंकते, एका स्टॉपने. पण तो एक स्टॉप खरा असतो.

स्थिर वस्तूंचं उदाहरणही बघू. अंधाऱ्या दालनातली मूर्ती, ट्रायपॉडला मनाई. ५० मिमी, एफ/४, १/६० ला आयएसओ ६४०० लागतोय. तुमचे तीन स्टॉप पक्के असतील तर १/८ वर उतरा, आयएसओ ८०० वर येतो. मूर्तीच्या दगडाचा पोत, रंगांतला बारीक फरक, सावलीतला तपशील सगळं परत येतं. ज्यांना असे फोटो काढायचे असतात त्यांच्यासाठी स्टॅबिलायझेशन ही चैन नाही, तेच त्यांचं मुख्य साधन आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद देणारा उपयोग याच दोन्हींच्या मधला आहे. संथ शटरला, १/४ किंवा १/२ सेकंदाला, हातात धरून गर्दीचा फोटो. इमारत आणि जमीन कडक स्पष्ट, माणसं वाहत्या पाण्यासारखी. किंवा खरंच वाहतं पाणी: खडक स्थिर, धार रेशमासारखी. पूर्वी यासाठी ट्रायपॉड बाळगावा लागे, आता चांगली यंत्रणा आणि भिंतीचा टेकू पुरतो.

एक गोष्ट मात्र ठसवून सांगतो. कोंडीत सापडलात, तर आयएसओ वाढवा, शटर स्पीड पाडू नका. दाणेदार फोटो नंतर बराच साफ करता येतो. हललेला फोटो पूर्ववत करता येत नाही.

पायरी ८: मॅक्रो, फोन आणि व्हिडिओ

मॅक्रोत, म्हणजे छोट्या वस्तूंच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंत, फसू नका. वस्तू जवळ आली की कॅमेरा वळण्यापेक्षा कॅमेरा सरकणं जास्त नडतं. १:१ आकाराला (वस्तू सेन्सरवर खऱ्याच आकाराची उमटते तेव्हा) तुम्ही अर्धा मिलिमीटर आडवे सरकलात की प्रतिमाही सेन्सरवर तेवढीच सरकते. लांबच्या दृश्यात ही सरक जाणवतही नाही. साधं, फक्त वळण मोजणारं स्टॅबिलायझेशन इथे जवळजवळ निरुपयोगी ठरतं. कॅननने २००९ मध्ये १०० मिमीच्या मॅक्रो लेन्समध्ये सरक मोजणारी वेगळी यंत्रणा घातली ती याचसाठी. शिवाय तुम्ही पुढे-मागे डोलत असता आणि फोकस त्यामुळे निसटतो, त्यावर हीसुद्धा यंत्रणा इलाज करत नाही. मॅक्रोला फ्लॅश वापरा, त्याची चमक इतकी क्षणिक असते की हालचाल गोठते.

फोनमध्ये दोन प्रकार असतात. ऑप्टिकल प्रकारात खरोखर लेन्स किंवा सेन्सर हलतो, फोटोला त्याचाच उपयोग. इलेक्ट्रॉनिक प्रकारात चित्राच्या कडा कापून उरलेली चौकट सरकवतात. ते व्हिडिओसाठी छान आहे, पण एका फोटोच्या आत झालेली हालचाल ते पुसू शकत नाही. फोनचा नाइट मोड अनेक छोटे फोटो काढून एकमेकांवर जुळवतो, म्हणून तो तीन सेकंद हातात धरूनही चालतो. समोरचं हलत असेल तर तिथेही तीच अडचण येते.

व्हिडिओ हातात धरून काढणार असाल तर चर्चाच नको, स्टॅबिलायझेशन घ्या. फोटोतली थरथर एकदाच दिसते, व्हिडिओतली सेकंदाला पंचवीस-तीस वेळा.

पायरी ९: घ्यायचं की नाही ते ठरवा

तुमचे ढीग, तुमचे आकडे आणि तुमचे विषय एका कागदावर आहेत. आता निर्णय अवघड राहत नाही.

भर उजेडात २४ किंवा ३५ मिमीने निसर्गदृश्यं आणि रस्त्यावरचं जग टिपत असाल तर शटर स्पीड आपोआपच १/२५० च्या वर असतो. स्टॅबिलायझेशन नसल्याने काही अडत नाही. त्याच पैशांत जास्त चांगली काच मिळत असेल तर ती घ्या. २०० मिमीच्या पुढे जाणार असाल तर मी नसलेली लेन्स सुचवणार नाही. इथे फोटोइतकीच व्ह्यूफाइंडरची गोष्ट आहे. ४०० मिमीवर चित्र इतकं उड्या मारतं की पक्षी चौकटीत ठेवणंच कठीण होतं. १/२००० ला फोटोसाठी यंत्रणेची गरज नसते, पण नेम धरायला असते. मधल्या पल्ल्यात, ५० ते १०० मिमीत, सगळं तुमच्या ढिगांवर.

बॉडीत घ्यावं की लेन्समध्ये? अजून काहीच घेतलेलं नसेल तर बॉडीत. मग तुम्ही लावाल ती प्रत्येक लेन्स, आजोबांच्या कपाटातली जुनीसुद्धा, स्थिर होते. फक्त फार लांब लेन्सला सेन्सरची सरकायची जागा अपुरी पडते. तिथे लेन्समधलं हवंच.

वापरलेली लेन्स घेत असाल तर ती लावून शांत जागी बटण अर्धं दाबा आणि कान द्या. हलकी गुणगुण चालते, टकटक किंवा खरखर नको. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र सावकाश थांबायला हवं, अचानक उडी मारायला नको. मग समोरच्या विटांच्या भिंतीचे स्टॅबिलायझेशन चालू ठेवून पाच आणि बंद ठेवून पाच फोटो काढा, दोन्ही वेळा १/१००० ला. एकच कोपरा सतत मऊ येत असेल, किंवा चालू केल्यावरच मऊ येत असेल, तर हलणारा काचगट जागेवर बसत नाहीये. ती लेन्स परत करा.